चंद्रभानभाऊंची वाटणी

दर्यापूरच्या चंद्रभानभाऊंनी वाटणीत कधी मार खाल्ला नाही. तिकडची रीत अशी, की मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे मोठ्याला लबाडी करता येत नाही. भाऊंनी रीत पाळली. फक्त उचलायच्या आदल्या दिवशी धाकट्या भगवंतला एका वाट्यातल्या विहिरीचं पाणी आटत चालल्याचं एवढं पटवून दिलं, की त्याने आपण होऊन नाल्याकाठचं वावर घेतलं. विहीर अजून भरलेली आहे. त्यानंतर भगवंतने भावाकडून काही म्हणून घेतलं नाही.

त्याच भगवंतच्या दोन्ही किडन्या गेल्या. घरात जुळली ती एकट्या चंद्रभानभाऊंची, आणि नवल म्हणजे भाऊ एका शब्दात तयार झाले. भगवंत मात्र अडून बसला. त्याच्या बायकोने, सत्यवतीने, रडूनभेकून कसाबसा होकार मिळवला.

अमरावतीच्या दवाखान्यात भाऊंचा सीटी स्कॅन झाला. शिरेतून औषध गेलं तशी अंगभर ऊब पसरली. यंत्र श्वास रोखायला सांगत होतं, आणि भाऊ आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं ऐकत निमूट पडून होते. रिपोर्टमध्ये डावी किडनी ठणठणीत निघाली. उजवी जरा लहान, तिच्यावर एक साधी पाण्याची गाठ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजवी काढू. चांगली नेहमी देणाऱ्याकडेच ठेवायची असते, भगवंतचं उजवीवर छान भागेल.

भाऊ हादरले. जन्मभर जे युक्तीने केलं, ते आता नियमानेच होत होतं. डावीच काढा म्हणून त्यांनी हात जोडले, हुज्जत घातली, एका आमदाराची ओळखही सांगून पाहिली. बाई हलल्या नाहीत. भगवंतला हे कळलं तर तो उठून घरी जाईल, आणि नुसत्या डायलिसिसवर आता तो फार दिवस काढणार नाही, हे भाऊ जाणून होते.

ते भगवंतच्या खाटेपाशी गेले आणि नजर न चुकवता म्हणाले, "डॉक्टरनं मलेच निवडाले सांगतलं. मी चांगली किडनी तुले देऊन राह्यलो."



"बाई सकाळीच सांगून गेली मले," भगवंत म्हणाला. "उजवी भेटून राह्यली, गाठवाली. मी हो म्हटलं तिले."

भाऊ जायला वळले, तसा भगवंत पुढे म्हणाला,

"जलमभर खोटं बोलून चांगलं तं तू सोताकडं ठेवलं, दादा. खोट्यात का होईना, चांगलं मले देल्लं, ते आज पयल्यांदा."