हातखंब्याला उतरलेली बाई

एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती, मंगळसूत्र मुठीत घट्ट धरून. सीटी स्कॅनसाठी तेव्हा रत्नागिरीहून मुंबई गाठावी लागे. माझ्या मांडीवरचं इस्पितळाचं मोठं पाकीट बघून तिनं विचारलं, “भाऊ, त्या मशिनीत जळतं काय ओ?”

“मला काय ठाऊक? पाकीट दुसऱ्याचं आहे.”

“जळूंदे एक वेळ. पन मंगळसूत्र काढायला लावतात म्हनं. माझा घोव दर्यात हाय. तो किनाऱ्याला लागेपर्यंत मी कसं काढू?”

मी पाकिटावरचं माझं नाव हातानं झाकलं. मुलीचं लग्न ठरत होतं, आणि माझा कॅन्सर मी चार भिंतींत दडवला होता.

मुंबई अजून लांब असताना, हातखंब्याच्या फाट्यावरच ती बोचकं घेऊन उतरली आणि परतीच्या गाडीसाठी रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली.

मुलीला आता नातवंडं आहेत, म्हणून आज सांगतो. मी दोनदा त्या यंत्रात जाऊन आलो होतो. इंजेक्शन दिलं की अंगभर गरम वाटतं, थोडा वेळ श्वास रोखायला सांगतात, दुखत काही नाही. आणि माझ्या आधी आत गेलेल्या बाईला मंगळसूत्र काढण्यापूर्वी नर्सनं गळ्यात काळा दोरा बांधून दिला होता.

एवढंच तिला सांगायचं होतं. हातखंब्यापर्यंत वेळही पुष्कळ होता.