शून्यांच्या फाइलीतला ठिपका

बातमीत ‘म्हणे’ हा शब्द चालत नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. कोण म्हणे, कुठे, कुणासमोर... हे नसेल तर मजकूर परत यायचा. पालघरच्या एका दैनिकात बरीच वर्षं बातमीदारी केली. त्या काळात झपाटलेल्या विहिरीपासून रडणाऱ्या झाडापर्यंत अनेक गोष्टी माझ्याकडे आल्या आणि एकही छापली गेली नाही. माझा अशा प्रकारांवर विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. जे झालं ते क्रमाने लिहितो.

दैनिकात असतानाच तिथला सर्व्हर सांभाळायची वेळ आली. पुढे तेच काम झालं. सध्या बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कंपनीत आहे. आम्ही मासेमारीच्या बोटींसाठी एक डबी बनवतो. बोटीवरचा फिशफाइंडर पाण्याखालचं जे चित्र दाखवतो ते ही डबी साठवते, बोटीच्या ठिकाणासह, आणि किनाऱ्याजवळ नेटवर्क मिळालं की पाठवते. तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, नंतर पाहता येतं की कुठे काय होतं.

आमचं घर एडवणचं. वडील तांडेल होते. ते गेल्यावर बोट थोरल्या भावाकडे, हरेश्वरकडे आली. आणि बोटीसोबत जागा आली.

जागा म्हणजे मासे हमखास लागतात ते ठिकाण. जुने तांडेल ती दोन खुणांवर ओळखत. लांबचा एक डोंगर आणि किनाऱ्यावरचं काहीतरी, दोन्ही एका रेषेत आले की जाळं सोडायचं. रीत अशी, की ही जागा एकालाच सांगायची. जमिनीवर नाही, दर्यात, सुकाणू हातात देताना. दोघांना सांगितली की ती जागा राहत नाही, असं बाबा म्हणत. त्यांनी ती दादाला सांगितली. मला कॉलेजला घातलं.

वाटणी न्याय्य होती. कुणीही तेच म्हणेल. पण दादाची बोट पापलेट घेऊन यायची आणि बंदरावरची माणसं म्हणायची, ‘बापाचा हात आलाय याला’, तेव्हा मी तिथे पगारी माणसाचे बूट घालून उभा असायचो. मला त्या जागेचे मासे नको होते. ती मला सांगितली जायला हवी होती, एवढंच. ही गोष्ट मी कुणाजवळ बोललो नाही. बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आमच्या डबीला गावातल्या तांडेलांनी एकच अट घातली. जागा कुणाला दिसता कामा नये, बोईसरच्या ऑफिसातही नाही. म्हणजे माहिती डबीतच कुलूपबंद व्हायला हवी आणि किल्ली तांडेलाकडे हवी. आम्ही ते केलं, पण फिशफाइंडरची चित्रं जड असतात. सगळं कुलूपबंद करताना डबीचा मुख्य प्रोसेसर तापायचा आणि बोटीची बॅटरी उतरायची.

उपाय चिपमध्येच होता. आमच्या चिपमध्ये याच कामासाठी एक वेगळं इंजिन असतं. मात्र कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, ते आहे हे सांगावं लागतं. हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलीत त्या इंजिनापुढे ‘डिसेबल्ड’ होतं, तिथे ‘ओके’ केलं. त्याचा ड्रायव्हर चालू करून कर्नल नव्याने बांधला. सुरू होताना कर्नल अशा इंजिनाची परीक्षा घेतो. उत्तर आधीच माहीत असलेली गणितं त्याला घालतो. ती बरोबर आली की इंजिनाला सॉफ्टवेअरच्या वरचा क्रम मिळतो. मग काम त्याच्याकडेच जातं. सॉफ्टवेअर तिथेच असतं, तेवढंच करू शकतं, फक्त त्याला कुणी हाक मारत नाही. ही रचना मला समजावून घ्यावी लागली नाही.

परीक्षा पास झाली. आता तांडेलांना दाखवायचं होतं. गावच्या मच्छीमार सोसायटीने ठरवलं की हरेश्वरला पटलं तर सगळे घेतील. म्हणजे माझ्या कामावर शिक्का मारायलाही दादाच.

तो दुपारी आला. पांढरा शर्ट, पायात चपला, हातात वहिनींनी दिलेली सुक्या बोंबलांची पिशवी. ऑफिसात माझ्याशिवाय इरफान होता. इरफान बोईसरचाच, हार्डवेअर तो बघतो.

दादा टेबलावरच्या डबीकडे बघत म्हणाला, ‘एवढीशी? हिच्यापरीस माझा तंबाखूचा डबा मोठा हाय.’

‘चाचा, तंबाखू से महँगी है,’ इरफान म्हणाला.

‘दिसेल की मंग. आमची जागा कोनाला दिसाची नाय, तेवढा दाखव.’

चाचणी साधी होती. नुसत्या शून्यांनी भरलेली एक फाइल घ्यायची. ती इंजिनाकडून कुलूपबंद करायची. पडद्यावर जे दिसतं ते कुणालाच वाचता येत नाही. मग सॉफ्टवेअरने तेच कुलूप उघडायचं आणि परत सगळी शून्यं आली पाहिजेत. सकाळपासून मी ही चाचणी अनेकदा केली होती. प्रत्येक वेळी शून्यं.

दादासमोर केली. पडद्यावर आलं, ‘फरक आढळला’.

सोळा बाइटचा एकच तुकडा वेगळा होता. मागे-पुढे शून्यं. इरफानने तो उघडून पाहिला. आमची डबी बोटीचं ठिकाण ज्या पद्धतीने लिहिते, अगदी त्याच पद्धतीने लिहिलेले दोन आकडे. अक्षांश आणि रेखांश. इरफानने सवयीने ते नकाशात टाकले. ठिपका आमच्या किनाऱ्याच्या पश्चिमेला उमटला, दर्यात, नेहमीच्या वाटांपासून बाजूला.

‘भाई, कॅश फ्लश नहीं हुआ होगा. पुराना डेटा है मेमरी में,’ इरफान म्हणाला. म्हणजे इंजिनाने ताजी माहिती घ्यायच्या आधी मेमरीत पडलेलं जुनं काहीतरी उचललं. असं होतं. या कामातली ही सर्वांत नेहमीची चूक आहे.

दादा पडद्यावरच्या ठिपक्यापाशी वाकला. ‘ही डबी कंदी दर्यात गेलती?’

‘नाही. कालच पॅकिंगमधून काढली.’

‘तुमच्या मशिनीत ह्यो आकडा कोनी घातला?’

‘कुणी नाही.’

त्याने मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला, चहा अर्धा ठेवला आणि निघून गेला. बोंबलांची पिशवी खुर्चीवरच राहिली.

आम्ही दोघांनी पुढचे कित्येक दिवस तो तुकडा परत आणायचा प्रयत्न केला. मेमरी साफ न करता चाचणी घेतली, दुसरा बोर्ड लावला, वीज कमी-जास्त केली. फक्त शून्यं आली. इरफानचं म्हणणं तर्काला धरून होतं, पण मेमरीत जुनं तेच सापडतं जे कधीतरी तिथे ठेवलेलं असतं. या बोर्डाला जीपीएसचा अँटेना जोडलेलाच नव्हता, तो अजून प्लास्टिकमध्ये होता. वर पत्र्याचं छप्पर, त्यातून उपग्रहाचा सिग्नल येत नाही. राहिला योगायोग. बातमीदार म्हणून मी योगायोगावर थांबायला तयार होतो.

मग वहिनींचा फोन आला. ‘भावजी, येऊन जावा. हे जेवत नायत नीट.’

एडवणला गेलो तेव्हा वहिनी अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगत होत्या. दादा ओट्यावर जाळं सांधत बसला होता. त्याने मला बस म्हटलं नाही.

‘मी गेलतो तिकडं,’ तो म्हणाला. ‘तुझ्या आकड्यावर.’

‘माझा आकडा नाही तो, दादा.’

‘जीपीएसवर लावला नि गेलो. इंजिन बंद केला. मान वर केली... दोनी खुना एका रेघेत.’ हातातली सुई थांबली. ‘मी ती जागा कंदी मशिनीत घातली नाय. जीपीएस बंद करून जातो मी तिथं. खलाशांना बी नक्की ठावं नाय. बाबांना तर अक्षांश कशाशी खातात ते म्हायती नव्हता.’

त्याने सुई जाळ्यात अडकवून ठेवली.

‘बाबान तुला कवा सांगितला?’

वहिनी वलांडीपाशीच हसल्या. ‘अवो, भावजी कंदी गेले दर्यात? एसटीत बी ओकतात ते.’

‘एकदा गेलता,’ दादा म्हणाला. त्याने मान वर केली नाही. ‘बारावीच्या सुट्टीत. मी तापानं पडलेलो. बाबा याला घेऊन गेलता.’

ते खरं होतं. मी ती फेरी विसरूनच गेलो होतो.

आता इथे मला अचूक लिहायला हवं. ‘नाही सांगितलं’ हे वाक्य तयार होतं आणि खरं होतं. पण दादा समोर बसलेला, खांदे उतरलेले, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते मी ओळखलं. कारण तेच मी इतकी वर्षं आत बाळगलं होतं. पहिल्यांदा ते त्याच्याकडे होतं आणि माझ्याकडे नव्हतं. उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागला. फार नाही. पण तांडेलाला पाण्यातला फरक कळतो.

‘नाही सांगितलं, दादा.’

‘बरा,’ तो म्हणाला आणि सुई पुन्हा चालू केली.

त्यानंतर मी त्याला अनेकदा सांगितलं. इरफानला घेऊन गेलो, त्यानेही सांगितलं. त्या फेरीत मी जाताना आणि येताना ओकत बोटीच्या तळाला पडून होतो. बाबा एकदाच खाली वाकले आणि म्हणाले, ‘पडून राहा, उठू नको.’ बाकी काही नाही. सुकाणूला मी हातही लावला नाही. दादा ऐकून घेतो, चहा पाजतो. डबी त्याने बोटीवर लावून घेतली आहे आणि ती चांगली चालते, असं सोसायटीत त्यानेच सांगितलं. त्याच्या शब्दावर बाकीच्यांनीही घेतली. डब्यांतली इंजिनं नीट काम करत आहेत. तसा तुकडा परत एकदाही आलेला नाही.

वहिनी सांगतात, दादा आता त्या जागेवर जात नाही. दोघांना सांगितलेली जागा राहत नाही, म्हणतो. तो शिरगावच्या बाजूला जाळं सोडतो आणि जे मिळेल ते आणतो. मलाही जाता येईल. आकडे माझ्याकडे आहेत. मी गेलो नाही. जाऊन काय बघू... कुठल्या दोन खुणा एका रेषेत येतात ते मला माहीत नाही.

ते आकडे त्या फाइलीत कसे आले, याचं उत्तर माझ्याजवळ नाही, इरफानजवळ नाही. बाबांनी मला काहीही सांगितलं नव्हतं, या सगळ्या प्रकरणात खात्रीने लिहिता येईल अशी ही एकच गोष्ट आहे. ती पटली तर दादाला झोप लागेल. तीच त्याला पटत नाही.