अक्काच्या दारावर कोण रडलं?

अक्का गेल्याची बातमी मला कुटुंबाच्या ग्रुपवर कळली. वर दोंडाईच्याच्या भाच्याच्या नव्या गाडीचा फोटो, खाली कुणाचं तरी सुप्रभात, आणि मधे तिच्या मुलाची, राजूची, एक ओळ : आई काल शांतपणे गेली. बऱ्याच जणांनी हात जोडले, एकानं चुकून अंगठा वर केला... चुकून म्हणते, कारण तो माझाच होता. चष्मा सापडत नव्हता.

सुमनअक्का माझी थोरली नणंद, जळगावची. आमच्या खानदेशात माणूस गेलं की बायका दारावर जातात. नुसतं जाऊन बसायचं नसतं. गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढायचा, गेलेल्याचे गुण गात दारात पोचायचं आणि आतल्या बाईनं तसाच हंबरडा फोडून गळ्यात पडायचं. या कामात अक्काचा हात कुणी धरत नसे. लग्नाला तिला बोलवायचं विसरतील, पण मयताचा निरोप पहिला तिला. मी धुळ्याला लग्न होऊन आले ती बी.ए. होऊन, म्हणजे जवळजवळ देवच. पिंपळनेरला पहिल्यांदा तिच्याबरोबर एका दारावर गेले, तेव्हा अत्तर लावलेला रुमाल डोळ्यांना टेकवून मी शिंक आवरल्यासारखा आवाज काढला. अक्का रडता रडता थांबली, माझ्या कानाशी आली. "तू रडस का घसा खाकरस व?" आणि लगेच पुन्हा वरच्या पट्टीत! गेलेला म्हातारा बायकोला मारायचा, हे गावाला ठाऊक होतं. परतीच्या एसटीत मी तत्त्वाचा मुद्दा काढला, असल्या माणसाचे गुण कसले गायचे? अक्का शेंगा फोडत होती. "त्यानासाठे कोन रडनं? पन तिले एकलीले रडता येस का? सोबत लागस."

पुढे राजू जर्मनीत स्थिरावला आणि आम्ही नवराबायको त्याच्याकडे जाऊन आलो. मग काय विचारता! अक्काच्या गल्लीतल्या महिला मंडळात मी 'आदर्श शहर' या विषयावर व्याख्यान दिलं, कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून. तिथं हॉर्न वाजत नाहीत, माश्या नाहीत, शेजाऱ्याच्या घरातला चमचा पडलेला ऐकू येत नाही, आणि म्हातारी माणसं चढायची असली की बस दाराच्या बाजूला खाली झुकते, चक्क गुडघे टेकते. जळगावला असं व्हायला शंभर जन्म लागतील, असंही मी जळगावकरणींना सांगितलं. पाण्याचा पेला उचलला तशी मागून अक्का म्हणाली, "मालती, तठे दारवर कितल्या बाया येतस?" बायका खिदळल्या. या प्रश्नाचा विषयाशी संबंध नाही, असं मी म्हणाले. माझ्याएवढी शहाणी बाई पुन्हा पाहण्यात आली नाही...

अक्काचे यजमान गेले, राजूनं जळगावचं घर विकलं आणि तिला तिकडे नेलं. ती तक्रारखोर नव्हती. बस खरंच गुडघे टेकते, असं तिनं फोनवर कबूल केलं. आणि मग माझे यजमान गेले, तिचा पाठचा भाऊ. राजूनं तिला बातमी सांगितली तेव्हा ती उठली, दार उघडलं आणि रीतीप्रमाणे जिन्यातच गळा काढला. शेजारची दारं उघडली नाहीत. पोलिस आले. म्हातारीला कुणी मारतंय का, हे बघायला. "पोलिस चांगला व्हता," ती मला सांगत होती, "पानी दिधं. पन त्याले रडता येत नव्हतं." राजूनं त्यांची माफी मागितली आणि आईला समजावलं, "आई, इथं असं रडत नाहीत." इकडे माझ्या दारात बायका आल्या होत्या, सूर लावणारी तेवढी नव्हती.

त्यानंतर प्रत्येक फोनला तिचं एकच. "मना दारवर कोन रडी व?"

"मी रडेन ना."

"तू? तू ते घसा खाकरस!"

हसायची. पण दर वेळी पुन्हा विचारायची.

तिच्यासाठी बायकांचं दारावर येणं आमच्या धुळ्याच्या फ्लॅटमध्ये झालं, टीव्हीच्या पडद्यासमोर, राजू तिकडून व्हिडिओ कॉलवर. आवाज घुमतोय म्हणून राजूनं आम्हा सगळ्यांचे आवाज बंद केले आणि स्वतः बोलला. "आईला स्वच्छतेची फार आवड. रोज दुपारी घरभर व्हॅक्यूम फिरवायची, आजारी असतानासुद्धा." बायकांनी कौतुकानं माना हलवल्या. मला ठाऊक होतं. त्या यंत्राच्या घरघरीला तिथं पोलिस येत नाहीत. ती ते लावायची आणि रडायची. भावासाठी, जळगावसाठी, कशाकशासाठी. रविवारी मात्र ते लावायला तिथं मनाई. "रविवारी मी रडत नही, मालती," ती म्हणाली होती. "कायदा शे."

मी उठले, डोक्यावर पदर घेतला. आधी खाकरणंच आलं. मग पोटातून कुठून तरी तो आवाज निघाला, आयुष्यात पहिल्यांदा... "माय व, मनी अक्का व..." पडद्यावर राजूनं मान तिरपी केली. "मामी, तुमचा आवाज येत नाहीये." तोवर माझ्या सुनेनं खिडकी लावून घेतली होती. "आई, खाली ऐकू जातंय. मिटिंगा चालू असतात लोकांच्या."

म्हणजे माझ्या व्याख्यानातलं शहर एकदाचं धुळ्याला पोचलं. शंभर जन्म काही लागले नाहीत.

मागच्या महिन्यात सुनेनं व्हॅक्यूम आणला. दुपारी ती बाहेर पडली की मी लावते आणि मधल्या खोलीत एकाच जागी फिरवत बसते. परवा ती राजूला फोनवर सांगत होती, आईंना हल्ली स्वच्छतेचं फार. रविवारीही लावते मी. धुळं अजून तेवढं सुधारलेलं नाही.