लॉरीचा सोमवार

युद्धाच्या काळात निपाणीत भाड्याच्या लॉऱ्या मोजक्याच होत्या. त्यांतली एक सोमवारी चालत नसे. तिच्यात बिघाड नसे, पेट्रोलची कुपनेही शिल्लक असत. तिचा मालक, जो तिचा ड्रायव्हरही होता, सकाळी तिला धुऊन काढी, बॉनेटला हळद लावी आणि समोरच्या कट्ट्यावर दिवसभर बसून राही. गाव त्याला लॉरीआप्पा म्हणे.

आप्पा मूळचा गाडीवान. बोरगावकडची तंबाखू तो बैलगाडीने निपाणीच्या वखारींत आणी. आमच्या भागात सोमवारी बैल जुंपत नाहीत. तो बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार. पुढे बैलजोडी आणि जमिनीचा तुकडा विकून त्याने जुनी लॉरी घेतली. वाहन बदलले, वार बदलला नाही. बेंदराला, बैलांच्या सणाला, पुरणपोळीचा पहिला घास तो बॉनेटवर ठेवी आणि मग तो शेजाऱ्याच्या बैलाला चारी.

त्याचा मुलगा दत्तू आळीपाळीने लॉरी चालवी. लग्न झालेला, हिशेबी माणूस. सोमवारी व्यापारी वाढीव भाडे देऊ करत आणि बाप नको म्हणे, हे त्याला सोसत नसे.

“आप्पा, हिला शिंगं कुठं हाईत?”

“फुडं दोन दिवं हाईत न्हवं रं? तीच शिंगं म्हण.”

एके वर्षी बेळगावहून इन्कमटॅक्सची नोटीस आली. मी तेव्हा एका साप्ताहिकाचा निपाणीचा बातमीदार होतो आणि गल्लीतले इंग्रजी कागद माझ्याकडे येत. आप्पाचा जमाखर्च लिहिलेला नव्हता. अधिकाऱ्याने अंदाज बांधला होता, की लॉरी वर्षभर रोज चालते आणि रोज भाडे मिळवते. तो कर कायम झाला असता तर तो भरायला लॉरीच विकावी लागली असती. मी उत्तर तयार केले. त्यात लिहिले की लॉरी सोमवारी कधीही चालत नाही. खर्चात आप्पाने अमावस्येचे नारळही घालायला लावले. “नारळ फुटल्याबिगर चाक फिरत न्हाय. मग त्यो खर्च धंद्याचाच की,” असे त्याचे म्हणणे होते.

सुनावणी नेमकी सोमवारी लागली. आम्ही सर्व्हिस मोटारीने, दाटीत उभे राहून बेळगावला गेलो. अधिकारी पुण्याकडचे, शांत स्वभावाचे गृहस्थ होते.

“घरची लॉरी असताना मोटारीने आलात?”

“आज सोमवार न्हवं का, साहेब.”

“यंत्राला कसला सोमवार?”

“बैल बी बोलत न्हाय, ही बी बोलत न्हाय. मागून घेनार न्हाईत, म्हनून आपन द्यायचं.”

अधिकाऱ्यांनी माझे लेखी उत्तर पुढे ओढले. “वर्षभरात सोमवारी एकदाही चालली नाही?”

मी आप्पाकडे पाहिले. ‘न्हाय’ एवढेच म्हणायचे होते.

“एकदा चालली,” आप्पा म्हणाला. “बोरगावात शेजाऱ्याची लेक बाळंतपनात अडली व्हती. हितं दवाखान्यात आनली.”

“भाडे किती घेतले?”

“सोमवारचं भाडं कसं घ्यायचं?”

“म्हणजे तुमचा नियम मोडला.”

“मोडला न्हाय, साहेब. दुसऱ्या दिशी हुबी ठेवली. तिचा सोमवार तिला मंगळवारी दिला. वखारवाल्याची तंबाखूची बोदं तशीच पडली. लई शिव्या खाल्ल्या त्याच्या.”

दारातला पट्टेवाला हसला. अधिकारी थोडा वेळ लिहीत राहिले. त्यांनी वर्षातले सगळे सोमवार अंदाजातून वगळले. एक चाललेला सोमवारही वगळला, कारण त्याची मिळकत नव्हती. नारळांवर मात्र रेघ मारली. उरलेला कर हप्त्यांनी भरता येण्याजोगा होता. लॉरी राहिली.

बाहेर आल्यावर आप्पाने टोपी नीट केली. “सोमवार मानला, नारळ मानला न्हाय. अर्धा देव मानतोय साहेब,” तो म्हणाला. पुढल्या वर्षीही त्याने नारळ लिहायला लावले आणि ते पुन्हा खोडले गेले. त्याची त्याला तक्रार नव्हती. “आपन सांगायचं काम केलं,” म्हणे.

युद्ध संपल्यानंतर आप्पाला छातीच्या दुखण्याने बेळगावच्या दवाखान्यात ठेवले. एका सकाळी तो तिथेच गेला. तो सोमवार होता. दत्तूची लॉरी दवाखान्याबाहेर उभी होती. मी तेव्हा बेळगावातच होतो. दत्तूने कोणाला काही विचारले नाही. मागे कडबा पसरला, वर घोंगडे घातले, आप्पाला निजवले आणि तवंदीचा घाट अगदी सावकाश उतरून निपाणीला आणले.

दिवसकार्य आटोपल्यानंतरच्या मंगळवारी सकाळी वखारीचा मुनीम दारात आला. चिकोडी रोड स्टेशनवर माल पोचवायचा होता. मी कट्ट्यावर बसलो होतो. दत्तू लॉरी धूत होता.

“चल दत्तू, आता सुतक बी फिटलं.”

“आज न्हाय.”

“का रं? आज काय सोमवार हाय व्हय?”

दत्तूने बादली खाली ठेवली आणि बॉनेटवरून ओला हात फिरवला.

“आप्पाला आनलं त्यो सोमवार हिला द्यायचा ऱ्हायलाय,” तो म्हणाला. “उद्या येतो.”