पाच जणांची एक नळी

तपासून झालेले नमुने नियमाप्रमाणे नष्ट करायचे असतात. आम्ही केले. किस्से नष्ट करायचा मात्र काही नियम नव्हता, त्यामुळे ते साठत गेले! आजही आम्ही चौघं गडचिरोलीत भेटलो की कोणीतरी एक सुरू करतो आणि चहा दोनदा गरम करावा लागतो. चौघं म्हणजे लॅबच्या मॅडम, नर्स शालूबाई, ड्रायव्हर गणपतभाऊ आणि मी, लॅब टेक्निशियन.

कोरोनाची पहिली लाट ओसरत होती. बाजार, शाळा, एस.टी., सगळंच उघडायचं होतं आणि किट मोजकेच होते. मॅडमनी पूल टेस्टिंग काढलं. स्वॅब प्रत्येकाचा वेगळ्या नळीत घ्यायचा, पण लॅबमध्ये पाच जणांच्या नळीतला थोडा थोडा द्रव एका नळीत एकत्र करून एकच टेस्ट लावायची. निगेटिव्ह आली की पाचही जण मोकळे. पॉझिटिव्ह आली, तरच पाचांची वेगवेगळी टेस्ट. एका किटमध्ये पाच माणसं!

*

पहिल्या दिवशी मशीन लावून आम्ही स्क्रीनला डोळे लावून बसलो. नळीत कोरोना असला की स्क्रीनवरची रेघ वर चढते. नसला की सपाट. चामोर्शीच्या बाजारातल्या भाजीवाल्यांच्या नळ्या होत्या. एक सपाट, दुसरी सपाट, तिसरीही! शेवटच्या नळीपर्यंत एकही रेघ हलली नाही. म्हणजे बाजार उघडणार!

मॅडम अंगातल्या पीपीई किटसकट बाहेर पळाल्या आणि अंगणात ओरडल्या, "सपाट! सगळ्या रेघा सपाट!"

गणपतभाऊ गाडी पुसत होते. त्यांनी हातातलं फडकं खाली टाकलं, डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं, मॅडम?"

*

पाचांच्या एका नळीची ही भानगड गावात समजावून सांगायचं काम शालूबाईंचं. त्या म्हणायच्या, "पाच घरच्या वरणाचा एकेक चमचा एका वाटीत घेतला. चाखून पाह्यलं. खारट नाई लागलं, तर पाचही घरचं वरण चांगलं. काऊन उगाच पाच वेळा चाखा?"

एका गावात पुढे बसलेल्या म्हातारीने बोट वर केलं. "अन खारट लागलं तं?"

"मंग एकेकीचं वेगळं चाखतो, आजी."

"मंग टाइम काऊन घालवता? पह्यले माह्या सुनेचं चाखा!"

*

भद्रावतीहून चंद्रपूरला जाणाऱ्या एस.टी. पुन्हा सुरू करायच्या होत्या. आम्ही ड्रायव्हर-कंडक्टरांना रांगेत उभं केलं. मॅडमनी उत्साहात सगळं समजावलं : पाच माणसं, एक टेस्ट!

एक जुने कंडक्टर फार गंभीर झाले. "मॅडम, हे सरकारला माहीत आहे?"

"अहो, सरकारचीच परवानगी आहे!"

"कमाल आहे! आम्ही पाच माणसांत एक तिकीट फाडलं असतं, तर त्याच दिवशी सस्पेंड!"

*

चामोर्शीकडच्या एका गावात दोन चुलत भावांचं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण होतं. बोलणं बंद. नावांच्या यादीत दोघं एकाच पाचात आले. थोरला उसळला, "त्याच्यासंगं मी एका नळीत जाणार नाई! काय करायचं ते करा!" धाकटा म्हणाला, "मले तरी कुठी हौस आहे?"

गावचे पोलीस पाटील मधे पडले. भला माणूस. दोघांच्या खांद्यावर हात ठेवून अर्धा तास समजूत घातली. शेवटी म्हणाले, "चला, मीच तुमच्या मधात बसतो. झालं?" आणि त्याच पाचात आपलंही नाव घातलं.

नळी पॉझिटिव्ह आली! दोन्ही भावांनी गावभर सांगून टाकलं की दुसऱ्यामुळेच आली. आम्ही पाचांची वेगवेगळी टेस्ट लावली. दोघं भाऊ ठणठणीत निगेटिव्ह.

पॉझिटिव्ह निघाले पाटील! त्यांना काही त्रास झाला नाही, पण ते घरात बंद असेपर्यंत त्यांचा डबा पोचवायला दोघं भाऊ एकाच सायकलवर जायचे.

*

आश्रमशाळेच्या वसतिगृहातल्या मुलींचे पाच-पाचचे गट करायला मात्र स्वॅबपेक्षा जास्त वेळ लागला. "सर, मले तिच्यासंगं टाका ना!" याच्यावरच दुपार गेली.

एका गटाची नळी पॉझिटिव्ह आली. पाच मैत्रिणी वेगळ्या खोलीत. दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट घेऊन खिडकीशी गेलो. "चार जणी मोकळ्या. एकटीला दहा दिवस इथेच राहावं लागेल." जी राहणार होती तिने मान खाली घातली. पण बाकीच्या चौघींपैकी कोणीच बाहेर निघालं नाही.

मग सगळ्यात उंच मुलगी खिडकीशी आली. "सर, आमच्याबी नावापुढं पॉझिटिव्ह लिवून द्या ना."

"असं कसं लिहू?"

"काऊन? पेन तं आहे तुमच्याजवळ!"

*

आता एटापल्लीच्या पुढचं जंगलातलं गाव. गावाने रस्त्यावर ओंडका आडवा टाकून स्वतःच स्वतःला बंद करून घेतलं होतं. गावातली पंधरा माणसं तेलंगणात मिरची तोडायला गेली होती, ती परतल्यावर ओंडक्याबाहेर मांडव घालून राहत होती. आत त्यांची लेकरं. संध्याकाळी दोन्ही बाजूंनी हाका मारायचे. आम्ही मोठ्या जोशात गेलो : तीन नळ्या, पंधरा माणसं, उद्या सगळे घरी!

गावचे कर्ते म्हातारे, ज्यांना तिथे भूमिया म्हणतात, ओंडक्यापलीकडे उभे होते. आमचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमची नळी कुठी आहे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इतकी गावं फिरलो, स्वतःची टेस्ट कोणीच केली नव्हती!

"आम्हाला काही त्रास नाही, दादा," मॅडम म्हणाल्या.

"यायलेबी काई त्रास नाई," मांडवाकडे बोट दाखवून भूमिया म्हणाले. "तरी बाहेरच हायेत."

परत आलो. चौघांचे स्वॅब, एक नळी. रेघ चढली! वेगवेगळी लावली तेव्हा तीन सपाट आणि मॅडमची वर. मॅडमनी स्क्रीनवरच्या त्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "मी त्या पंधरा जणांच्या तोंडापाशी हात नेणार होते रे."

मॅडमचं विलगीकरण संपल्यावर चौघांची पुन्हा टेस्ट केली. सपाट. मग पुन्हा गेलो. पंधराही जण त्याच आठवड्यात आपापल्या लेकरांत गेले, हे आधीच सांगून टाकतो. पण किस्सा त्या दुसऱ्या फेरीचा आहे.

गाव उघडतंय म्हणून या वेळी आरोग्य खात्याचे एक साहेब आमच्या गाडीत बसून आले होते. भूमियांनी आमच्या रिपोर्टचा कागद ओंडक्यावर ठेवायला लावला, मग उचलून सावकाश वाचला.

"चार नावं हायेत. गाडीतून पाच उतरले."

मॅडमनी घाईघाईने ओळख करून दिली. साहेब हसत पुढे झाले. "अहो, मी साहेब आहे! कागद नीट बघा, खाली सही माझीच आहे!"

भूमियांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. खालची सही पाहिली. वरची चार नावं एकदा बोटाने मोजली.

"सही हाये, साहेब. नाव नाई."