मेजरांनी राखून ठेवलेली जोडी

मेजर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी खिशाकडे. विश्रामबागेतल्या त्यांच्या बोळाएवढ्या दुकानात मी पहिल्यांदा शिरलो, तेव्हा नमस्कार म्हणायच्या आतच ते गरजले, "खिशातलं भाईर काड!" मी घाबरून पँटच्या उजव्या खिशातलं सगळं काउंटरवर ठेवलं. गाडीची किल्ली, थोडी चिल्लर आणि माझ्या धुराच्या मशीनचे, म्हणजे ई-सिगारेटचे, दोन सेल. मेजरांनी ते सेल उचलून किल्लीपासून हातभर लांब ठेवले आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "किल्ली आनि सेल एका खिशात? लोखंड टेकलं की पेटतंय त्ये. मांडी नको झालीया व्हय रं तुला?" मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलेलं दिसतंय. तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं.

मेजर खरे तर हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण आपल्याकडे पलटणीतून परतलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. गाव रहिमतपूरच्या पलीकडचं. फौजेत आयुष्यभर वायरलेसच्या बॅटऱ्या सांभाळल्या, आणि सांगलीत येऊन हे दुकान थाटलं. औषध फवारायचे पंप, इमर्जन्सी दिवे, कपाळाला बांधायच्या बॅटऱ्या, जे काही सेलावर चालतं ते तिथं दुरुस्त व्हायचं. माझ्यासारखे धूरवाले मात्र चोरासारखे जायचे. ते मशीन विकायला आपल्याकडे बंदी आहे, आणि माझं मला परदेशातून आलेल्या एका मित्रानं दिलेलं. बारा वर्षांची सिगारेट सोडण्यासाठी मी ते घेतलंय, असं मी घरी सांगत होतो. प्रत्यक्षात गुऱ्हाळासारखा धूर सोडायची मला मजा वाटायला लागली होती.

मेजरांनी मला 'ओढू नको' असं एकदाही सांगितलं नाही. मी आपणहून लाजून काही बोलायला गेलो, तर म्हणाले, "ते सांगून झालंय माजं एकाला. आता मी फकस्त सेलाचं सांगतो." आणि मग त्यांनी सांगायला सुरुवात केली ती अशी, की तासभर मला उठता आलं नाही. मी ऑनलाइन मागवलेल्या सेलांवर मोठ्या अभिमानानं दहा हजार एमएएच वीज मावते असा आकडा छापलेला होता. मेजरांनी एक सेल तळहातावर तोलला आणि हसले. "ह्या मापाच्या सेलात साडेतीन हजारावर काय मावतच न्हाई. आनि मावतंय किती ते नको बगू. तुजं मशीन एका दमात लय ओढतंय, तेवडं त्यो देतोय का ते बग. न्हाई झेपलं की त्यो तापतो, आनि तापला की फाटतो." मग अँपिअरचा एक हिशेब त्यांनी वहीच्या पानावर करून दिला. ते पान माझ्या पाकिटात अजून आहे.

जाताना मला काउंटरच्या काचेखाली एक पारदर्शक डबी दिसली. आत दोन नवेकोरे सेल शेजारी शेजारी, दोन्हींवर मार्करनं एकच नाव: संदीप. मी म्हटलं, "हेच द्या की मला." मेजरांनी काचेवर पंजा ठेवला. "ती न्हाई इकायची. ती माज्या पोराची हाय."

पोराची गोष्ट मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळली. मेजरांची बायको लवकर गेली, घरात बापलेक दोघंच. संदीप भरतीच्या मैदानात पास झाला होता, मेडिकल आठ दिवसांवर आलेलं. तेवढ्यात मेजरांना त्याच्या ट्रंकेत ते मशीन सापडलं. ते भडकले. मशीन त्यांनी फोडलं नाही, फक्त त्यातले दोन सेल काढून विहिरीत टाकले. सेलाशिवाय काय ओढशील, असं म्हणाले. संदीपनं दुसऱ्या दिवशी उसाला पाणी पाजायला जाताना बापाच्या कपाळाच्या बॅटरीतला एक सेल काढला, दुसरा कुठला तरी जुनापुराणा, वरचं आवरण सोललेला शोधला, आणि दोन्ही मशीनमध्ये घातले. बांधावर उभा राहून त्यानं तिसरा झुरका घेतला आणि मशीन हातातच फुटलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्यांच्यामागं भरतीही गेली.

"माज्या बॅटरीतला सेल उजेडापुरता होता गड्या," मेजर सांगत. "दोन सेल एकामागं एक जोडल्यात, त्यातला एक दमला तरी दुसरा त्याला वडतच ऱ्हातो. बैलजोडीत एक खोंड आनि एक म्हातारा बैल जुपलास तर काय हुईल? तसं." मग दर वेळी तेच वाक्य पुन्हा बोलायचे, "चांगली जोडी मीच काडून घेतली त्याची. आयुष्यभर पलटणीला शिकवलं मी. पोराला निस्ता दम दिला."

याहूनही एक गोष्ट त्यांना जाळत होती. ती त्यांनी मला एकदाच सांगितली, समोर न बघता. दवाखान्यात पोराला शुद्ध आल्यावर बाप म्हणून ते पहिलं काय बोलले? "गेली का भरती?" एवढंच. हात कसा आहे, दुखतंय का, काही नाही. संदीप बरा झाला आणि घरी न येता परस्पर कोयनानगरला गेला, तिथल्या एका हॉटेलात गल्ल्यावर बसायला लागला. मेजर एकदा तिथं गेले. बापाला एसटीतून उतरताना पाहून पोरगं मागच्या दारानं निघून गेलं. मेजर शेवटची गाडी सुटेपर्यंत बाकड्यावर बसून राहिले आणि परत आले. फोन केला तर तो उचलायचा नाही. "सारखं पळाय लावायचं न्हाई त्याला," असं म्हणून त्यांनी पुन्हा जायचंही सोडलं. पण त्यांना एका गोष्टीची खात्री होती आणि तीच त्यांना सुखानं जेवू देत नव्हती. ज्याची बोटं गेली तरी ज्याला बापानं धड शिकवलं नाही, तो तिकडं एकटा कुठले तरी सेल घालून ओढत असणार. पुढच्या वेळी बोटांवर भागणार नाही.

म्हणून ते बाकी सगळ्यांना शिकवत. सेल विकला की त्याबरोबर डबी फुकट, आणि डबीशिवाय सेल न्यायचा नाही हा हुकूम. जोडी घेतली की दोन्हींवर एकच खूण करायची. दोघांना एकत्र भरायचं, एकत्र वापरायचं, आणि एक गेला तर दुसऱ्यालाही रजा द्यायची. दुसऱ्या मशीनला उसना द्यायचा नाही. "जोडी फोडायची न्हाई," हे ते जाणाऱ्याच्या पाठीवर ओरडून सांगत. भरताना मशीनमध्ये न ठेवता वेगळ्या चार्जरमध्ये, फरशीवर, आणि आपण जागे असताना. गादीवर चार्जर ठेवणाऱ्या एका प्राध्यापकाला त्यांनी माझ्यादेखत असं झापलं, की तो बिचारा सुटे पैसे घ्यायचेही विसरला.

त्यांची तपासायची एक रीत होती. सेलाच्या वरच्या टोकाला, जिथं बटणाभोवती पांढरी चकती असते, तिथून अंगठ्याचं नख हळूहळू फिरवायचं. आवरणाला केसाएवढी चीर असली तरी नख अडतं. "डोळा फसंल, नख न्हाई फसत." चीर सापडली की सेल सरळ दाराबाहेरच्या वाळूच्या मडक्यात. मी ती नखाची रीत शिकलो, आणि ऑफिसात नकळत पेनाच्या टोपणावरसुद्धा नख फिरवायला लागलो.

खंडेनवमीला मेजर सोल्डरिंगची कांडी, मीटर, पकडी मांडून पूजा करत. फुलं, हळद-कुंकू, सगळं साग्रसंगीत, पण सेलांना कोरडं फूल सोडून काही नाही. एकदा शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका भाविकानं आपल्या मशीनचे सेल पूजेत ठेवून, वर तांब्यातलं पाणी शिंपडून, दोन्ही टोकांना ओली हळद माखून भक्तिभावानं आणून दाखवले. मेजरांनी कापसानं ते पुसता पुसता कपाळ बडवून घेतलं. "आवं, देवाला तरी भाजू नका!" दर खंडेनवमीलाच काचेखालची डबी निघायची. जुनी जोडी ते स्वतःच्या बॅटरीत घालत, आणि नवी, सगळ्यांत भारी, पारखून घेतलेली जोडी डबीत बसवत. दोन्हींवर संदीप लिहायचं, खाली साल. मी बसवताना पाहिली ती सहावी जोडी होती.

त्या खंडेनवमीला त्यांनी मला काम सांगितलं. एका चिठ्ठीवर संदीपचा नंबर लिहून दिला. "माजा नंबर बगितला की त्यो कट करतो. तुजा उचलंल. जास्ती काय बोलू नको. माजं नाव बी नको काडू. फकस्त इचार, सेल कुटला वापरतोस. तेवडं कळलं की मी निवांत मरतो." मी हसून म्हणालो, करतो की, त्यात काय.

त्यात काय, ते मला पुढच्या दहा दिवसांत कळलं. आज करतो, उद्या करतो, असं चाललं. दुसऱ्याच्या घरात कशाला नाक खुपसायचं, असंही वाटायचं. अखेर एका दुपारी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून मी नंबर फिरवला. पलीकडे भांड्यांचा आवाज आला आणि मग एक शांत, जरा थकलेला आवाज म्हणाला, "हां, कोन बोलतंय?" अनोळखी माणसाला, ज्याची बोटं गेलीत त्याला, सेल कुठला वापरतोस असं विचारायचं तरी कसं? मी म्हणालो, "सॉरी, राँग नंबर."

संध्याकाळी मेजर दुकानाच्या पायरीवरच उभे होते. मी म्हणालो, "लागला नाही." त्यांनी विचारलं, "कितींदा लावला?" मी म्हणालो, "तीन-चारदा." एका खोट्यामागं दुसरं किती सहज येतं! मेजरांनी मान हलवली. "मग नंबर बदलला आसंल त्यानं." काच उचलून त्यांनी डबी जरा आत सरकवली, एवढंच.

त्यानंतर मेजर आतून विझत गेले. चार दिवस त्यांचा चेहरा पाहून मला राहवेना. मी एक दिवस मुद्दाम किल्ली, चिल्लर आणि सेल एकाच खिशात घालून दुकानात गेलो, मुद्दाम खुळखुळ वाजवत. म्हटलं, एकदा शिव्या तरी घालतील. मेजर खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत होते. त्यांनी माझ्या खिशाकडे पाहिलंच नाही. "बस," म्हणाले, आणि चहा सांगितला. तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं. मेजर, तो उचलतोय फोन, मीच बोललो नाही, एवढं एकच वाक्य. चहा पिऊन मी उठलो आणि घरी आलो. ते मशीन मी त्याच आठवड्यात माळ्यावर टाकलं, त्यात माझं काही कौतुक नाही.

मेजर पौषात गेले, सकाळी दुकान उघडून खुर्चीत बसल्या बसल्या. त्यांच्या पुतण्याचा मला फोन आला. डबीला रबर लावून एक चिठ्ठी ठेवली होती, तिच्यावर माझं नाव आणि खाली लिहिलेलं, 'हेच्याकडं द्या. ह्यो पोचवंल.'

दहाव्याला मी त्यांच्या गावी गेलो. नदीकाठी संदीप होता. डोकं भादरलेलं, उजवा हात शालीत. विधी उरकून लोक पांगल्यावर मी त्याला गाठलं आणि डबी पुढं केली. त्याला तीन बोटांनी झाकण उघडेना, म्हणून मी उघडून दिलं. त्यानं आपलं नाव वाचलं, साल वाचलं.

"हे काय हाय?"

"तुमच्या मशीनसाठी. दर खंडेनवमीला नवी जोडी ठेवत होते. तुम्ही तिकडं वाईट सेल वापरत असाल, या काळजीत होते."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कसलं मशीन? त्या दिसापास्नं हातसुद्दा लावला न्हाई मी त्याला." मग हळू आवाजात म्हणाला, "आण्णास्नी हे ठावंच नव्हतं व्हय? मी आपला तोंड कसं दावू म्हनून लपत हुतो. त्यांचाच सेल चोरला हुता मी."

त्यानं एक सेल बाहेर काढला आणि अंगठ्याचं नख वरच्या चकतीभोवती हळूहळू फिरवलं. ते बघून मला रडूच कोसळलं. म्हणजे बघून बघून का होईना, पोरगं बापाकडून शिकलं होतं.

"कुनी तरी एक फोन कराय पायजे हुता," तो म्हणाला.

"मी केला होता," मी म्हणालो. "तुम्ही उचललाही होता. कोण बोलतंय म्हणालात."

त्यानं सेल परत डबीत ठेवला, दुसऱ्याच्या शेजारी, नीट जुळवून.

"मग बोलला का न्हाई?"