चतुःसीमेप्रमाणे ताबा

थकीत कर्जाच्या घरादुकानांचा ताबा बँकेला मिळवून द्यायला कोर्ट आम्हा वकिलांना कमिशनर नेमतं. जायचं, पंचनामा करायचा, सील लावायचं. इतक्या वर्षांत फी फारशी साठली नाही, किस्से मात्र कपाटभर साठले. नांदेडच्या बार रूममध्ये चहा आला की त्यातला एखादा बाहेर पडतोच.

*

लोह्याचे एक काका पावत्यांची पिशवी घेऊन कोर्टात उभे राहिले. "साहेब, हप्ते भरलेत म्या. एवढं बघा की."

मॅजिस्ट्रेटसाहेब सज्जन माणूस. त्यांनी शांतपणे समजावलं, की बँकेचं प्रतिज्ञापत्र तपासायचं आणि ताबा द्यायचा, एवढंच त्यांचं काम. बाकीचा वाद कर्जवसुली न्यायाधिकरणात न्यायचा.

"मंग मला कशाला बोलावलं?"

"तुम्हाला कोणी बोलावलंच नव्हतं," साहेब म्हणाले. कायद्याने ते अगदी बरोबर होतं.

*

उमरीला पंच मिळेनात. अख्खी गल्ली बघायला जमलेली, पण सहीचं नाव काढताच प्रत्येकाला शेतातलं काम आठवलं. शेवटी कर्जदारच पुढे आला. "द्या हिकडं, म्या करतो सही. कर्ज देताना जामीनदार मिळंना, तवा म्हेवण्याची सही बी बँकेच्या साहेबानं मलाच करायला लावली व्हती."

हे पंचनाम्यात घेऊ नका, असं बँकेच्या माणसाने मला तीनदा सांगितलं.

*

देगलूरच्या प्रकरणात मात्र माझी झोप उडाली होती. कर्जदाराची दुमजली इमारत रस्त्याच्या एका बाजूला. बँकेच्या इंजिनिअरने नकाशा उलटा धरून चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी, लिहिल्या, आणि त्या नेमक्या समोरच्या मन्मथआप्पांच्या दुमजली इमारतीच्या निघाल्या. आप्पांवर एका पैशाचं कर्ज नाही, आणि सील लागणार त्यांच्या किराणा दुकानाला! बिचारे महिनाभर सगळीकडे हेच सांगत फिरले. कोर्टाने न्यायाधिकरणाकडे बोट दाखवलं, बँकेने कोर्टाकडे.

ताब्याच्या दिवशी लातूरहून आलेल्या बँकेच्या वसुली अधिकाऱ्यालाही मी चूक दाखवली. तो म्हणाला, "वकीलसाहेब, तुम्हाला अर्थ लावायचा अधिकार नाही. आदेशात आहे तेच सील करा."

मी आदेश मोठ्याने वाचला. तळमजला आणि वरचा मजला.

आप्पांनी गल्ल्यावरून उठून पायात चपला घातल्या. "हाव, करा. पन वर भाडेकरू हाय, त्याला आधी खाली बोलवा."

अधिकाऱ्याने वर पाहिलं. वर त्याच्याच बँकेच्या शाखेची पाटी होती.

मग तो हळूच म्हणाला, "आप्पा, जागा चुकलीय हो."

आप्पांनी त्याला स्टूल पुढे केलं. "बसा. म्या महिन्यापासून तेच सांगून राहिलो."